व्हिक्टोरिया धबधबा बघायला मे बरा की ऑक्टोबर?

तुम्ही विचारलंय की दोघांनीच जायचंय, वय पन्नाशीच्या पुढे, सुट्टी मेमध्ये किंवा ऑक्टोबरमध्ये मिळेल, आणि धबधबा झिंबाब्वेतून बघावा की झांबियातून. आधी उत्तर सांगून टाकते: मे, त्यातही जमलं तर शेवटचा आठवडा, आणि झिंबाब्वेतून. का ते सांगायचं तर आमची फजिती सांगावी लागेल.

आम्ही गेलो एप्रिलमध्ये. झांबेझी नदीला सगळ्यात जास्त पाणी तेव्हा असतं असं यांनी वाचलं होतं, आणि ते खरंच आहे. तिथला पाऊस मार्चअखेर आटोपतो, पण नदीचं बरंचसं पाणी वरून, अंगोला आणि पश्चिम झांबियातल्या पाणथळ मैदानांतून रमतगमत येतं. त्यामुळे पूर येतो तो आभाळ मोकळं झाल्यावर. आपल्याकडे पाऊस उघडला की आठ-पंधरा दिवसांत धबधबे रोडावतात, तो हिशोब तिथे चालत नाही.

धबधब्याच्या उद्यानाच्या फाटकापाशी रेनकोट भाड्याने देणारे उभे होते. हे म्हणाले, "चिपळूणच्या पावसात वाढलोय मी, रेनकोट कसला घेतेस." छत्री होती सोबत. सुरुवातीला लिव्हिंगस्टन या स्कॉटिश धर्मप्रसारक प्रवाशाच्या पुतळ्याजवळून डेव्हिल्स कॅटरॅक्ट नावाचा टोकाचा भाग झकास दिसला, फोटो काढले, हे खूश. मग मुख्य धबधब्यासमोर आलो आणि समोर नुसतं पांढरं. पायाखाली थरथर, कानात घरघर, आणि दिसत काहीच नाही. मी विचारलं, "अहो, धबधबा कुठाय?" ते "समोरच आहे" म्हणेपर्यंत पाऊस आला. खालून.

खालून म्हणजे खरोखरच खालून. ही नदी मोकळ्या दरीत पडत नाही. १७०८ मीटर रुंदीचं पात्र आडव्या, अरुंद भेगेत कोसळतं, सर्वात खोल जागी १०८ मीटर. भेगेचा पलीकडचा काठही जवळपास तेवढ्याच उंचीचा, आणि आपण उभे असतो त्या काठावर, धबधब्याच्या अगदी तोंडासमोर. तळाला आपटलेल्या पाण्याच्या तुषारांना जायला वाट एकच, वर. ते वर जातात आणि पाऊस होऊन पुन्हा डोक्यावर येतात. नाणेघाटातला उलटा धबधबा पाहिला असेल तर थोडी कल्पना येईल, फक्त तिथे वाऱ्याची करामत असते. छत्री दोन मिनिटांत कमळासारखी उमलली आणि तशीच राहिली. माझा मोबाइल पर्समध्ये ओढणीत गुंडाळलेला होता, तोही गेला. तिथल्या लोकांनी धबधब्याला मोसी-ओआ-तुन्या, म्हणजे गडगडणारा धूर, असं नाव दिलंय ते उगाच नाही. राणीचं नाव १८५५ मध्ये लिव्हिंगस्टनने चिकटवलं, पण जुनं नाव जास्त खरं आहे.

म्हणून मे. पाणी भरपूर असतं, पण दिवसागणिक ओसरत असतं, त्यामुळे धुक्याचा पडदा अधूनमधून सरकतो. जून-जुलै त्याहून छान, पण तुम्हाला सुट्टी नाही. ऑक्टोबरमध्ये उकाडा भयंकर, आणि पाणी उतरलेलं. झांबियाच्या बाजूला तर बऱ्याच वर्षी नुसता काळा कातळ उघडा पडतो. (आपल्या सह्याद्रीसारखाच बेसॉल्ट. हे तो हात लावून बघत बसले होते.) झिंबाब्वेच्या बाजूला तेव्हाही धार असते. धबधब्याच्या कडेवरच्या 'डेव्हिल्स पूल' नावाच्या डोहात उतरायचं असेल तर मात्र कमी पाण्याचेच महिने हवेत. ते झांबियातून, लिव्हिंगस्टन बेटावरून होतं. आमच्यासारख्यांनी त्या फंदात पडू नये असं मला वाटतं, पण तुमचे गुडघे तुम्हाला माहीत.

दोन्ही देशांतून बघायचा मोह होईल. व्हिसावर एकच प्रवेश असेल तर दोन देशांमधला पूल ओलांडून परत येताना पंचाईत होते. काझा नावाचा दोन्ही देशांत ये-जा करू देणारा व्हिसा आहे, तो आपल्या पासपोर्टवर मिळतो का ते निघण्याआधी तपासा. आम्ही नुसते पुलावर जाऊन आलो. १९०५ चा लोखंडी पूल, सीमेवर चिठ्ठी घेऊन व्हिसाशिवाय चालत जाता येतं. मधोमध एक मुलगा दोरी बांधून खाली उडी मारत होता, १११ मीटर. मी डोळे मिटले, यांनी मिटले नाहीत.

पौर्णिमा साधता आली तर जरूर साधा. आमची हनुमान जयंती तिथे झाली. त्या रात्री उद्यान वेगळ्या तिकिटावर उघडं असतं आणि तुषारांवर चंद्राचं इंद्रधनुष्य पडतं. डोळ्यांना ते राखाडी-पांढऱ्या कमानीसारखं दिसतं. यांचा मोबाइल शाबूत होता, त्यात जरा वेळ धरून काढलेल्या फोटोत मात्र रंग उतरले. दिवसाच्या इंद्रधनुष्यांपेक्षा मला हेच आवडलं.

तीन रात्री ठेवा. एक दिवस धबधबा, एक संध्याकाळ नदीवरची बोट, एक दिवस बोट्सवानातल्या चोबे राष्ट्रीय उद्यानातले हत्ती (व्हिसाचं तिथेही बघा). गावात वॉर्टहॉग, म्हणजे तिथली रानडुकरं, पुढचे गुडघे टेकून हिरवळीवर चरत असतात, ते बिचारे निरुपद्रवी. बबून माकडं मात्र तशी निरुपद्रवी नाहीत. हातात केळं धरून चालू नका.

शाकाहारी असाल तर साडझा मागा, मक्याच्या पांढऱ्या पिठाची घट्ट उकडच ती. सोबत शेंगदाण्याचं वाटण घातलेली पालेभाजी मिळते. पहिल्या घासाला मला वाटलं, कूट घालून भाजी आईनेच केलीय, फोडणी तेवढी विसरली.

आदिस अबाबा किंवा नैरोबीला विमान बदलणार असाल तर यलो फीवरची लस किमान १० दिवस आधी घ्या, आणि मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा. लशीचं पिवळं पुस्तक हँडबॅगेत ठेवा. परत आल्यावर मुंबईला सामान मिळायच्या आधीच ते बघायला मागतात, आणि आमचं यांनी मोठ्या बॅगेत तळाशी ठेवलं होतं.