परसातली भेंडी, बरणीतली भेंडी: वाचकांचे प्रश्न

या वेळी सोलापूर शहर-जिल्ह्यातून आलेली बहुतेक पत्रं भेंडीची आहेत. कुणाची गच्चीवर पिशव्यांत लावलेली, कुणाची अंगणातल्या वाफ्यातली. तक्रारी वेगवेगळ्या दिसल्या, तरी बहुतेकांचं मूळ एकच निघतं, ते म्हणजे पाणी. झाडाच्या मुळाशी ते कमी पडलं की शेंग दोरेदार होते आणि स्वयंपाकघरात जास्त झालं की भाजी तार धरते.

प्रश्न (अशोक चौक): गच्चीवर सहा झाडं आहेत. एका वेळी चार-पाचच शेंगा मिळतात. लोणच्यापुरत्या साठवून ठेवल्या तर काळ्या पडतात. काय करावं?

शेंगा झाडावर राखून ठेवू नका. फूल उमलल्यापासून पाचव्या-सहाव्या दिवशी शेंग तोडायची होते. उन्हाळ्यात तिथून दोन दिवस गेले तरी तिच्यात दोरा येतो, आणि जून शेंगा झाडावर राहिल्या की पुढची फुलंही कमी येतात. दिवसाआड, सकाळीच तोडा. लोणच्याला बोटाएवढी, सात-आठ सेंटीमीटरची शेंग हवी. तिचं टोक वाकवलं की कट्कन मोडलं पाहिजे. नुसतं वाकलं तर ती शेंग आमटीत टाका. झाडाच्या लवेने हाताला खाज सुटते, म्हणून लांब बाह्या घाला.

काळे डाग पडतात ते थंडीने. भेंडीला सात अंशांखालचं तापमान सोसत नाही, आणि फ्रिजचा वरचा कप्पा बहुधा त्याहून थंड असतो. तोडलेल्या शेंगा न धुता, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून भाजीच्या ड्रॉवरमध्ये ठेवा. तिथे त्या तीन-चार दिवस चांगल्या राहतात. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत घाम सुटतो आणि देठाकडून बुळबुळीतपणा सुरू होतो.

पाव किलोत अशा पंचवीस-तीस शेंगा बसतात. सहा झाडांवर तेवढ्या जमायला आठ-दहा दिवस लागतील आणि तोवर पहिल्या शेंगा सुकतील. पुढच्या खेपेला बारा झाडं लावा, नाहीतर शंभर ग्रॅमची लहान बाटली घाला. कमी शेंगांत मोठी बरणी अर्धी भरून ठेवणं हा सगळ्यात वाईट पर्याय.

प्रश्न (जुळे सोलापूर): मे महिन्यात मिठाच्या पाण्यात भेंडी आंबवायला ठेवली. चौथ्या दिवशी पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं तार धरायला लागलं आणि शेंगा मऊ पडल्या. ती खाण्याजोगी होती का? कुठे चुकलं?

पाण्याला तार येणं हे बिघडल्याचं लक्षण नाही. भेंडीचा स्वतःचाच चीक पाण्यात उतरतो, त्यामुळे तार येते. वास स्वच्छ आंबट असेल तर काळजी नको. कुजका वास, हिरवी-काळी-गुलाबी केसाळ बुरशी किंवा बोटांत चिरडणारी शेंग दिसली तर मात्र सगळी बरणी फेकायची. वरवरची बुरशी काढून खालचं खाऊ नये. पृष्ठभागावर नुसता पांढरा, सपाट, पातळ पापुद्रा आला असेल तर तो हवेतल्या यीस्टचा असतो. तो काढून टाका आणि शेंगा पाण्याखाली दाबा.

मऊपणाचं कारण उन्हाळा आहे. आंबवण्याला वीस ते चोवीस अंश मानवतात. आपल्याकडे मे महिन्यात घरातही पस्तीसच्या वर पारा असतो. अशा उष्णतेत आंबटपणा झपाट्याने चढतो खरा, पण शेंगेचा कुरकुरीतपणा टिकवणारं पेक्टिनही तितक्याच झपाट्याने सुटतं.

अर्धा किलो भेंडीला ६०० मिली पाणी आणि ३० ग्रॅम मीठ, म्हणजे पाच टक्के. थंडीत साडेतीन टक्क्यांवर भागतं, पण सोलापूरच्या उन्हाळ्यात पाचाच्या खाली येऊ नका. मीठ वजन करूनच घ्या, कारण खड्याच्या मिठाचा चमचा आणि बारीक मिठाचा चमचा यांत बराच फरक पडतो. बारीक मिठातल्या गुठळ्या टाळायच्या भुकटीने पाणी गढूळ दिसतं, बाकी अपाय नाही. पाणी उकळून गार केलेलं वापरा, म्हणजे नळाच्या पाण्यातला क्लोरीन निघून जातो. बोअरचं जड पाणी टाळलेलं बरं.

शेंगा उभ्या, एक देठ वर तर दुसरी देठ खाली अशा दाटून भरा, म्हणजे त्या तरंगत नाहीत. वर पाण्याने भरलेली छोटी पिशवी किंवा काचेची वाटी ठेवा. शेंगेचा एकही भाग पाण्याबाहेर राहता कामा नये. बरणी परातीतल्या पाण्यात उभी करून भोवती ओलं फडकं गुंडाळा. आपल्या कोरड्या हवेत माठ थंड राहतो, त्याच तत्त्वावर हे काम चालतं. दिवसातून एकदा झाकण सैल करून वायू जाऊ द्या. दीड-दोन दिवसांनी बुडबुडे दिसले आणि चव आंबटसर लागली की बरणी फ्रिजमध्ये. पुढचा आंबटपणा तिथे आठवडाभरात सावकाश येतो. पीएच पट्टी, म्हणजे आंबटपणा मोजायची पट्टी, मिळाली तर चारच्या खालचं माप येईपर्यंत थांबा; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त.

कुरकुरीतपणासाठी द्राक्षाचं पान टाकतात, त्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्याचा थोडा उपयोग होतो. पण बार्शी-पंढरपूरकडच्या बागांमधलं पान आणू नका, बागेवर सतत फवारण्या असतात. त्याऐवजी अर्धा चमचा कोरी चहापत्ती फडक्यात बांधून टाका.

आमचं मत विचाराल तर आंबवायची भेंडी सप्टेंबर-ऑक्टोबरची. जून-जुलैत पेरलेल्या झाडाला तेव्हा भरपूर शेंगा असतात आणि हवाही उतरलेली असते. मे महिन्यातल्या भेंडीचं काय करावं ते शेवटच्या उत्तरात पाहा.

प्रश्न (विजापूर रोड): व्हिनेगरमधल्या भेंडीचं नेमकं प्रमाण द्या. टोपी कापायची की ठेवायची? आणि लसूण निळी का झाली?

अर्धा किलो कोवळ्या भेंडीला २५० मिली व्हिनेगर, २५० मिली पाणी, २५ ग्रॅम मीठ, चार-पाच लसूण पाकळ्या, दोन सुक्या मिरच्या, एक चमचा मोहरी, अर्धा चमचा मेथीदाणे. हे प्रमाण पाच टक्के ॲसेटिक आम्लाच्या व्हिनेगरसाठी आहे. बाटलीवर चार टक्के लिहिलं असेल तर ३१५ मिली व्हिनेगर आणि १८५ मिली पाणी घ्या. पाणी याहून वाढवू नका, साखर हवी तर चमचाभर घाला.

टोपी ठेवायची. देठ फक्त अर्ध्या सेंटीमीटरवर छाटा. सुरी बियांच्या पोकळीपर्यंत गेली की चीक बाहेर येऊन बाटलीतलं पाणी घट्ट होतं. अळीने भोक पाडलेली शेंगही याच कारणाने नको, आणि त्या भोकात विष्ठा असते ती वेगळीच. बाटल्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून कोरड्या करा, मसाला तळाशी टाका, शेंगा उभ्या भरा. व्हिनेगर-पाणी-मीठ उकळवून गरम असतानाच ओता आणि वर एक सेंटीमीटर जागा सोडा. गार झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवा. आठ-दहा दिवस धीर धरा, तोवर आंबट आत पोचत नाही. दोन महिन्यांत संपवा.

लसणीतली गंधकयुक्त द्रव्यं आम्लात गेली की तिला निळा-हिरवा रंग येतो. खायला हरकत नाही.

प्रश्न (बाळे): कैरीचं लोणचं तेलात बुडवून वर्षभर बाहेर राहतं. भेंडीचं तसंच घातलं तर का चालत नाही?

कैरी स्वतः आंबट असते. भेंडीत आम्ल जवळजवळ नसतंच. तेलाचा थर हवा अडवतो, आंबट करत नाही, आणि हवा नसलेल्या, आम्ल कमी असलेल्या जागीच क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू वाढून विष तयार करतो. ते विष वासाला, चवीला कळतही नाही. पीएच ४.६ च्या खाली असेल तर तो वाढत नाही. म्हणून भेंडीच्या लोणच्यात लिंबू मोजून घाला, तेल नावापुरतं, आणि बरणी फ्रिजमध्येच ठेवा. इथे ‘आजी तर बाहेरच ठेवायची’ हा युक्तिवाद आम्ही ऐकणार नाही.

पाव किलो भेंडी पुसून दोन सेंटीमीटरचे तुकडे करा आणि सावलीत दोन-तीन तास पसरा. तीन मोठे चमचे तेलात झाकण न ठेवता चीक जाईपर्यंत परता, आठ-दहा मिनिटं लागतात. पूर्ण गार करा. ३५ ग्रॅम मीठ, ३० ग्रॅम भरड वाटलेली मोहरीची डाळ, २० ग्रॅम तिखट, अर्धा चमचा हळद आणि पाव चमचा तळून कुटलेली मेथी मिसळा. त्यात १२० मिली लिंबाचा रस घाला, रसदार असतील तर चार-पाच लिंबं पुरतात. वर ६० मिली तेलाची हिंग घातलेली गार फोडणी. पहिले दोन दिवस मोहरीचा कडूपणा जाणवतो, मग तो निवळतो. पंधरा-वीस दिवसांत संपवा.

प्रश्न (सात रस्ता): काळ्या तिखटातली भेंडी दरवेळी चिकट होते. ताजी, घरची असूनही.

ताजी असल्यामुळेच चीक जास्त आहे. तो पाण्यात विरघळतो आणि फुगतो, म्हणून भेंडी आदल्या रात्री धुऊन फडक्यावर पसरून ठेवा. चिरताना भेंडी, विळी आणि पाट तिन्ही कोरडे हवेत. तुकडे दोन सेंटीमीटरचे करा, कारण जितके काप जास्त तितका चीक जास्त. पाव किलोला दोन मोठे चमचे तेल, पसरट कढई, मोठी आच. तुकडे एकाच थरात बसले पाहिजेत. ढीग झाला तर खालचे परतले न जाता वाफेवर शिजतात. झाकण ठेवायचं नाही, त्यावरचं पाणी परत भाजीतच पडतं. पहिली पाच मिनिटं फारसं ढवळू नका. मग दोन आमसुलं किंवा चमचाभर चिंचेचा कोळ घाला, आंबटाने उरलेली तार तुटते.

तार गेली, कडा तांबूस झाल्या की आच कमी करून दीड चमचा काळं तिखट घाला. तिखट आधी टाकलं तर जळून कडवट होतं. मीठ त्यानंतर, कारण मिठाने पाणी सुटतं. शेवटी दोन चमचे शेंगाचटणी (शेंगदाण्याची) भुरभुरवून लगेच उतरवा. चटणीत मीठ आणि लसूण असतेच, त्या हिशेबाने आधीचा हात आखडता ठेवा. सोबत कडक भाकरी असेल तर भाजी थोडी तेलकट ठेवायला हरकत नाही.

प्रश्न (मोहोळ): लोखंडी कढईत भेंडी काळी पडते. अपायकारक आहे का?

नाही. भेंडीतल्या टॅनिनसारख्या द्रव्यांची लोखंडाशी प्रक्रिया होते, आमसूल-चिंचेने ती वाढते. रंग नको असेल तर स्टीलची जाड बुडाची कढई घ्या. लोखंडीच वापरायची तर शिजल्यावर भाजी तीत ठेवू नका.

प्रश्न (पंढरपूर): तांबडी भेंडी लावली. भाजी मात्र हिरवीच होते. बी फसवं निघालं का?

बी ठीक आहे. तांबडा रंग अँथोसायनिनचा, तो शिजताना विरतो आणि खालचं हिरवं दिसतं. रंग हवा असेल तर हीच भेंडी व्हिनेगरमध्ये घाला, आम्लात तो टिकतो आणि बाटलीतलं पाणीही गुलाबी होतं.

प्रश्न (होटगी रोड): चार दिवस गावाला गेलो, शेंगा हातभर झाल्या. त्यांचं काही करता येईल का? बी धरता येईल?

दोरा शिजून मऊ होत नाही, तेव्हा साल सोडून द्या. शेंग उभी चिरून आतले पांढरे, मऊ दाणे काढा आणि आमटीत किंवा पिठल्यात टाका.

बियाण्यासाठी निरोगी झाडावरच्या दोन-तीन शेंगा पहिल्यापासूनच राखा. पानांच्या शिरा पिवळ्या पडलेलं झाड निवडू नका. तो केवडा रोग पांढऱ्या माशीने पसरतो, बियाण्यातून नाही, पण केवडा लवकर धरणाऱ्या झाडाचं बी कशाला वाढवायचं? शेंग झाडावरच तपकिरी होऊन शिरांवर तडकू लागली की काढा. परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका यांसारख्या सरळ वाणाचं बी बरंचसं तसंच उगवतं. शेजारी दुसरा वाण असेल तर मधमाश्या थोडी सरमिसळ करतात. संकरित पाकिटातल्या भेंडीचं बी धरून उपयोग नाही, पुढच्या पिढीत सगळे गुण विखुरतात.

प्रश्न (अक्कलकोट): एप्रिल-मेमध्ये इतकी भेंडी निघते की खाऊन संपत नाही. वाळवता येईल का?

हाच तिचा सगळ्यात चांगला उपयोग. एक किलो भेंडीचे एक सेंटीमीटरचे काप करून कडक उन्हात एक दिवस नुसतेच वाळवा. ओल्या कापांना थेट ताक लावलं तर सगळा लगदा होतो. संध्याकाळी २०० मिली आंबट, घट्ट दह्यात २० ग्रॅम मीठ आणि एक चमचा भरडलेलं जिरं फेटून काप त्यात घोळवा, रात्रभर झाकून ठेवा. सकाळी प्लॅस्टिकऐवजी सुती धोतरावर सुटे पसरा, धुळीसाठी वरून मलमल घाला. दोन-तीन उन्हं लागतात. दुपारी चारनंतर आभाळ भरून आलं की लगेच आत घ्या. वळवाच्या एका सरीत भिजलेले काप पुन्हा वाळवले तरी त्यांना कुबट वास राहतो.

काप मोडला की काडीसारखा आवाज आला पाहिजे. किलोचे सव्वाशे ग्रॅमच्या आसपास उरतात. घट्ट झाकणाच्या डब्यात भरा आणि पावसाळ्याआधी एकदा पुन्हा ऊन दाखवा. मध्यम तापलेल्या तेलात अर्धा मिनिट तळायचे, आमटी-भाताबरोबर किंवा खिचडीवर. मीठ आत मुरलेलं असतं, वरून घालू नका.