जपानमधील नागरी कचरा खरोखरच कमी झाला आहे का?

होय, झाला आहे; मात्र 'किती कचरा निर्माण होतो' आणि 'किती कचरा शेवटी जमिनीत पुरला जातो' हे दोन आकडे वेगळे धरले, तरच चित्र नीट कळते. जपानमधील नागरी कचऱ्याने 2000 साली सुमारे 5 कोटी 48 लाख टनांचा उच्चांक गाठला होता, तो 2022 साली सुमारे 4 कोटी 3 लाख टनांवर आला. लोकसंख्या घटल्यामुळेच हे घडले, असे म्हणता येत नाही, कारण याच काळात दरडोई दररोजचा कचराही सुमारे 1,185 ग्रॅमवरून 880 ग्रॅमवर उतरला. वेष्टनांच्या पुनर्वापराचा 1995 चा कायदा, कचरा टाकण्यासाठी अनेक नगरपालिकांनी सक्तीच्या केलेल्या विकतच्या पिशव्या आणि घरातच होणारे काटेकोर वर्गीकरण (पाण्याच्या बाटलीचे झाकण व लेबलसुद्धा वेगळे काढून टाकावे लागते!) यांचा त्यात मोठा वाटा आहे.

पुरल्या जाणाऱ्या कचऱ्यातील घट याहून ठळक आहे: सुमारे 1 कोटी 5 लाख टनांवरून जेमतेम 34 लाख टन. परंतु माझ्या मते येथे कौतुक जरा बेतानेच करावे, कारण जपान आपला बहुतांश कचरा जाळतो आणि पुरली जाते ती मुख्यतः राख. पुनर्वापराचे प्रमाण तर कित्येक वर्षे 20 टक्क्यांच्या आसपासच अडकून पडले आहे.