ती क्लासमध्ये काहीच करत नाही!

"मॅडम, दर शनिवारी मी माझ्या मुलीला चटईवर नुसतं उभं राहायला नेते. बाकीची मुलं झाड होतात, मांजर होतात, बेडूक होतात. ही माझा टी-शर्ट मुठीत धरून खांब होते."

सांगताना त्या हसल्या, पण वाक्य संपेस्तोवर हसू टिकलं नाही. मुलगी पावणेतीन वर्षांची, धाकटा मुलगा सात महिन्यांचा. मुलं आणि आईबाबांनी मिळून करायच्या योगाच्या एका क्लासला या दोघांना घेऊन जात होत्या. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मी समुपदेशक. ही तक्रार माझ्याकडे इतक्या वेळा येते की निम्मं वाक्य मीच पूर्ण करू शकेन. कधी नाचाचा क्लास असतो, कधी पोहण्याचा, कधी योगाचा. प्रश्न तोच: सगळी मुलं करतात, आमचंच काही करत नाही, नुसतं बघत बसतं. हे लाजणं आहे की काही गडबड आहे? क्लास चालू ठेवायचा की बंद करायचा?

गडबडीची शंका मी आधी बाजूला काढते, कारण ती डोक्यात असली की आईबाबांना पुढचं काही ऐकूच येत नाही. हाक मारली की वळून बघते का? काही आवडलं की बोटाने दाखवून तुम्हाला त्यात ओढते का? खोटाखोटा फोन, खोटाखोटा दवाखाना असलं खेळते का? दोन-तीन शब्द जोडून बोलते का? आधी येत असलेलं काही हरवलंय का? सगळी उत्तरं नीट आली. घरात तर म्हणे तोंडाला कुलूप नसतं. यातलं काही अडलं असतं, तर 'रुळेल हळूहळू' म्हणून बसून न राहता त्यांना आधी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं असतं.

मग मी घाई केली. म्हटलं, "तिला अजून नको असेल. सहा महिने थांबा, मग बघू." सल्ला तर्काला धरून होता, द्यायला सोपा होता आणि तो चुकला.

पंधरा दिवसांनी त्या परत आल्या. "शनिवारी सकाळी उठले तर ही चटईची गुंडाळी काखेत धरून दाराशी उभी. 'चल' म्हणाली. आज जायचं नाही म्हटल्यावर तासभर रडली. जिथे काही करायचंच नसतं तिथे जायला रडायचं कशाला?"

त्यांच्याइतकंच माझंही चुकलं होतं. मुलगी क्लासमध्ये काही करत नाही हे आम्ही दोघींनी न तपासता खरं मानलं होतं. मी विचारलं, घरी कधी काही करताना दिसते का? त्या जरा थांबल्या. "भावाला शिकवते की! त्याचे तळवे एकमेकांना लावते आणि म्हणते, फुलपाखरू कर. भालू उलटा ठेवते, ते त्याचं अधोमुख श्वानासन. कधी कानात बोटं घालून भुंग्यासारखी गुणगुणते. पण ते घरी हो, खेळताना."

ते घरी हो, खेळताना. पावणेतीन वर्षांच्या मुलीचा योग आणखी कुठे असायचा?

मुलं पाहिलेलं साठवतात आणि नंतर बाहेर काढतात, हे नुसतं माझं कौतुक नाही. अँड्र्यू मेल्टझॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९८८ मध्ये चौदा महिन्यांच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. त्यातली एक कृती जरा विचित्र होती. पुढे वाकायचं आणि कपाळाने पेटी दाबून दिवा लावायचा. मुलांना ती फक्त दाखवली, हात लावू दिला नाही. आठवड्याने पेटी समोर ठेवली तर बऱ्याच मुलांनी वाकून कपाळ टेकवलं. चौदा महिन्यांचं मूल आठवडाभर हे जपून ठेवतं, तर तिप्पट नाही तरी दुपटीहून मोठी असलेली ही मुलगी शनिवारचं भुंग्याचं गुणगुणणं सोमवारी काढणारच.

तरी एक प्रश्न उरलाच. घरी जमतं, तर तिथे मूठ का सुटत नाही? त्यांनी व्हिडिओ दाखवू का विचारलं. दर आठवड्याला एक काढून त्या घरच्या ग्रुपवर टाकत. नऊ-दहा होते. मी आवाज बंद करून बघितले. समुपदेशकाची ही एक वाईट खोड म्हणा, पण आवाज बंद केला की माणसं जास्त दिसतात.

प्रत्येक व्हिडिओत एक गोष्ट होत होती. मुलगी गोलाकडे बघते, एक पाय जरासा पुढे टाकते आणि मान वळवून थेट कॅमेऱ्यात बघते. पाय मागे येतो. मी तीन व्हिडिओ लागोपाठ लावले आणि विचारलं, "ती कुणाकडे बघतेय?"

"माझ्याकडे."

"आणि तिला काय दिसतंय?"

उत्तर यायला वेळ लागला. "फोन."

नवखं काही समोर आलं की लहान मूल आपल्या माणसाचा चेहरा वाचतं. १९८५ मधला एक प्रयोग आहे. टेबलावर काच, अर्ध्यावर काचेखाली जमीन खाली गेल्यासारखी दिसते. एक वर्षाची बाळं रांगत कडेपर्यंत यायची, थांबायची आणि पलीकडच्या आईच्या तोंडाकडे बघायची. आईचा चेहरा आनंदी असेल तेव्हा १९ पैकी १४ बाळं पार गेली. चेहऱ्यावर भीती असेल तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. या मुलीला चेहराच मिळत नव्हता. मध्ये एक काळा चौकोन आणि त्याच्यामागून "कर ना, कर ना" असा आवाज. बाईंनीच नंतर कबूल केलं की फोन खाली ठेवला तरी चेहरा काही फार बरा नसायचा. ओठ आवळलेले, नजर शेजारच्या मुलावर.

मग मी धाकट्याच्या क्लासबद्दल विचारलं. शनिवारी आधी बाळांचा अर्धा तास असे. तो सांगताना त्यांची बसायची पद्धतच बदलली. बाळ चटईवर उताणं, त्याचे गुडघे हलकेच पोटाशी न्यायचे, सायकलसारखे फिरवायचे. मग त्याला पालथं घालायचं आणि आपण त्याच्यावर मार्जारासनात कमान करायची, तोंडाला तोंड. बाळाला पालथं ठेवण्यात खरंच अर्थ आहे. अजून रांगत नसलेल्या बाळाने जागेपणी दिवसभरात मिळून निदान ३० मिनिटं पोटावर असावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे. पण या बाईंना त्या अर्ध्या तासात मिळत होतं ते वेगळंच. कंबर मोकळी व्हायची. शेजारची आईही रात्रभर जागीच होती हे कळायचं. बाळ रडलं, झोपलं, चटई ओली केली, तरी कुणी मान वर करत नव्हतं.

"त्याचे व्हिडिओ नाही काढत?"

"त्याचे कशाला काढू? तो काय करतोय!"

म्हणजे जो काहीच करत नाही त्याच्यासोबत आई निवांत, आणि जिच्याकडून काही व्हावं असं वाटतं तिच्यासोबत परीक्षकाच्या खुर्चीत. हे मी त्यांना तोंडावर म्हटलं नाही. म्हणायची गरज पडली नाही, त्या आपल्याच वाक्यावर गप्प झाल्या होत्या. "सहा महिने थांबा" म्हणताना मी त्यांचाही तो अर्धा तास काढून घेणार होते, हे मला तेव्हा उमगलं. बंद करा सांगण्याआधी क्लास कुणाला काय देतोय ते विचारावं, हा माझा त्या दिवसाचा धडा.

पुढचं काम तसं साधं होतं. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांनी न्यूयॉर्कमध्ये १९५६ पासून वर्षानुवर्षं मुलांच्या स्वभावाचा अभ्यास केला. त्यात साधारण १५ टक्के मुलं अशी निघाली की नवी जागा, नवी माणसं दिसली की आधी मागे सरतात आणि त्यांच्या गतीने, कुणी न ढकलता, पुढे येतात. हा आजार नाही आणि हट्टही नाही. अशा मुलाला भरलेल्या खोलीत नेऊन सोडणं म्हणजे थंड पाण्यात ढकलणं. म्हणून ठरलं की क्लासच्या दहा मिनिटं आधी पोचायचं. खोली रिकामी असताना तिला ती आपल्या पायांनी मोजू द्यायची. चटई कडेला, भिंतीशी टाकायची. फोन पिशवीत. आणि सगळ्यात अवघड म्हणजे "कर ना" अजिबात म्हणायचं नाही; आपली आसनं आपण करायची, खरोखर आपल्यासाठी.

शिक्षिकेशीही बोला म्हटलं. इथे माझं नशीब बरं, कारण त्या समजूतदार निघाल्या. सगळ्याच तशा नसतात. दुसऱ्या एका कुटुंबाने सांगितलेल्या क्लासमध्ये न करणाऱ्या मुलांना हाताला धरून ओढून 'झाड' उभं केलं जाई. हे मला दोन कारणांनी चालत नाही. मूल त्यातून झाड शिकत नाही, आपलं अंग आपल्या ताब्यात नाही एवढं शिकतं. दुसरं सरळ शारीरिक आहे. पाच वर्षांखालच्या मुलाचा हात झटक्याने ओढला तर कोपरातलं हाड त्याला धरून ठेवणाऱ्या बंधातून निसटू शकतं. तसंच बाळांना हातापायांना धरून झुलवणारे, किंवा लहानग्यांना श्वास रोखून धरायला लावणारे कुणी भेटले तर चटई गुंडाळून बाहेर पडावं. भुंगा, फुंकर, बुडबुडे एवढा प्राणायाम या वयाला पुष्कळ झाला.

एक अडचण मात्र राहिली, ती म्हणजे घरचा ग्रुप. व्हिडिओ बंद झाल्यावर विचारणा सुरू झाली आणि नवऱ्यानेही एकदा म्हटलं, "मग कळणार कसं काय शिकते ते?" त्यांना मी एका शनिवारी मुलीसोबत जायला सांगितलं. ते परत आले ते गुडघ्याला बर्फ लावून, वीरासनाचा प्रताप. पण त्यांनी सांगितलं की मुलीने वीस मिनिटं त्यांच्या पाठीवर बसून काढली आणि नंतर उतरून त्यांच्या पोटाखालून आरपार रांगत गेली, चार वेळा. शिकवत होते काहीतरी वेगळंच. "पण मजा आली," म्हणाले. मुलीला की त्यांना, ते मी विचारलं नाही.

चमत्कार वगैरे झाला नाही. तिसऱ्या आठवड्यात मूठ सुटून एक बोट उरलं. पाचव्यात ती भिंतीपासून दोन चटया आत सरकली. मध्ये सर्दीने एक शनिवार बुडाला, तेव्हा पुन्हा मूठ. सातव्या का आठव्या आठवड्यात तिने सगळ्यांसोबत पहिलं आसन केलं, तेही सिंहासन. जीभ पूर्ण बाहेर, डोळे मोठे, आईकडे बघून. आईनेही उलट जीभ काढली. गोलात हात धरून फिरायचं असतं त्या गाण्याला ती अजूनही बाहेरच उभी राहते, आणि उभी राहू देतात.

काही महिन्यांनी बाईंचा फोन आला. क्लासमध्ये छोटंसं प्रात्यक्षिक ठेवलं होतं, आईबाबांसमोर. "हिला घालू का त्यात? परत खांब झाली तर?"

"तिला विचारलंत?"

नव्हतं विचारलं. संध्याकाळी मेसेज आला: 'मी बघणार' म्हणाली.

प्रात्यक्षिकाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनीच पुन्हा फोन केला. दोघी दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. समोर कुणाचा पाय चुकला की ही आईच्या कानाशी तोंड नेऊन सांगत होती, "आई, तो उजवा नाहीये."