इटलीच्या सार्डिनिया बेटावर, एखाद्या शेतात तंबू ठोकून आठवडाभर राहायचंय, नियोजन कसं करावं?

मे-जून किंवा सप्टेंबर गाठा. ऑगस्टमध्ये अख्खा इटली सुट्टीवर असतो, दर चढतात आणि ऊन तंबूत टिकू देत नाही.

तिथे वाटेल तिथे तंबू टाकायला मनाई आहे, दंड होतो. म्हणून शोधताना ‘अग्रिकाम्पेज्जो’ (agricampeggio) हा शब्द वापरा, म्हणजे तंबूला जागा देणारं शेत. आधी मालकाला विचारा: सावली कसली? ऑलिव्ह किंवा बुचाच्या ओकाखालची जागा मिळाली तर सोनंच. वायव्येकडून मिस्त्राल वारा सुटला की साध्या खुंट्या उपटून येतात, शिवाय उन्हाळ्यात जमीन दगडासारखी होते. लोखंडी खुंट्या आणि हातोडी न्याच. वणव्यांच्या भीतीने उन्हाळ्यात उघड्यावर जाळ करण्यावर कडक बंधनं असतात, तेव्हा स्टोव्ह पेटवण्याआधीही विचारा.

रात्रीचं जेवण मात्र शेतावरच घ्या, खरी मजा तीच! बटाटा, पेकोरिनो चीज आणि पुदिन्याचं सारण भरलेले कुलुर्जोनेस, म्हणजे तिथला भरलेला पास्ता, मिळाले तर सोडू नका. त्यांची कड गव्हाच्या लोंबीसारखी दुमडलेली असते, मोदकाच्या कळ्या पाडणाऱ्या हातांना ती लगेच ओळखू येईल. काटेकोर शाकाहारी असाल तर पेकोरिनोत बहुधा प्राणिज रेनेट (दूध गोठवण्यासाठी वापरलं जाणारं प्राण्याच्या जठरातलं द्रव्य) असतं, हे लक्षात ठेवा.

रोमजवळच्या चिवितावेक्किया बंदरातून रात्री सुटणारी फेरी बोट सकाळी सार्डिनियातल्या ओल्बियाला पोचवते. गाडी लागेलच, त्यासाठी भारतातूनच आंतरराष्ट्रीय परवाना काढा. शेंगेन व्हिसासाठी राहण्याचा पुरावा लागतो, म्हणून शेतमालकाकडून तारखांसह लेखी बुकिंग मागून घ्या.