बर्मा-शेलची गंजलेली जुनी पाटी घरात सापडली आहे. रंगवून घेऊ का? किती जुनी असेल?

रंगवू नका. पुढचं सावकाश वाचा, पण पेंटरला सांगून ठेवलं असेल तर आधी त्याला फोन करून नको म्हणून कळवा.

तुम्ही लिहिलंय की सिन्नरच्या जुन्या घरात धान्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवलेली पाटी निघाली. दोन फूट बाय दीड फूट, पिवळ्यावर लाल अक्षरं, कोपरे आणि भोकं गंजलेली. किती जुनी, खरी की नक्कल, पैसे किती येतील आणि पंपांवरच्या अशा पाट्या गेल्या कुठे, हे तुम्हाला हवंय.

काळ ठरवायला कंपनीचा इतिहास पुरतो. पेट्रोल-रॉकेल विकणारी बर्मा-शेल कंपनी भारतात या नावाने १९२८ साली आली, त्यामुळे त्याआधीची पाटी असूच शकत नाही. २४ जानेवारी १९७६ ला सरकारने ती ताब्यात घेतली, काही काळ भारत रिफायनरीज नाव होतं आणि १ ऑगस्ट १९७७ पासून भारत पेट्रोलियम झालं. तुमची पाटी या ४८ वर्षांतली. आणखी जवळ जायचं तर मजकूर बघा. भाव आण्यांत असेल तर १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले त्याच्या आधीची धरा. गॅलन लिहिलं असेल तर साठच्या दशकाच्या सुरुवातीच्या अलीकडे आणू नका, कारण तोवर लिटर रुळला होता. खालच्या कडेला मुंगीएवढ्या अक्षरांत पाटी बनवणाऱ्या कारखान्याचं नाव बरेचदा असतं. ओल्या फडक्याने पुसून, मोबाइलचा टॉर्च आडवा धरून ती कड बघा. आणि पाटी पंपावरचीच असेल असं धरून चालू नका. बर्मा-शेलचं रॉकेल चार गॅलनच्या, म्हणजे साधारण १८ लिटरच्या डब्यांतून गावोगाव जायचं, त्यामुळे ती एखाद्या किराणा दुकानाचीही असू शकते.

खरी की नक्कल हे तराजू सांगतो. जुनी इनॅमलची पाटी म्हणजे जाड पत्र्यावर भट्टीत वितळवलेली काच. तुमच्या मापाची पाटी १८ गेजच्या पत्र्यात तीन किलोच्या आसपास भरते. हल्लीच्या बऱ्याच शोभेच्या नकला २६ गेजच्या पातळ पत्र्यावर छापतात, त्या किलोभराच्याच असतात. मग भोकं बघा. खऱ्या पाटीला भोकं आधी पाडतात आणि काच नंतर चढते, म्हणून काच भोकाच्या कडेवरून आत वळलेली दिसते. नकलेत भोक मागाहून ड्रिलने पाडलेलं असतं, कड धारदार लागते. टवका उडालाय तिथे काच आणि पत्रा यांच्यामध्ये काळपट निळा थर दिसला पाहिजे. इनॅमलच्या ताटलीचा टवका उडाल्यावर दिसतो तोच. त्या थरात कोबाल्ट असतं आणि त्याच्यामुळेच काच लोखंडाला धरते. त्याच्यावर एकेक रंग चढवून प्रत्येक वेळी ८०० अंशांच्या आसपास भाजतात, म्हणून अक्षराच्या कडेवरून नख फिरवलं की पायरी लागते. शेवटचं म्हणजे स्पेलिंग. इंग्रजीत बर्माच्या शेवटी ‘एच’ हवा. नकला करणारे तो कधीकधी गाळतात.

आता रंगवण्याबद्दल, कारण तुमच्या प्रश्नातला हाच भाग वाचून लिहायला बसलो.

नाशिकजवळच्या विल्होळीच्या अलीकडे, मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेला एका टपरीवर ‘टायर पंक्चर, हवा’ अशी पाटी होती. पांढरा ऑइलपेंट, त्यावर लाल अक्षरं. एका कोपऱ्यात पेंट सुटून खाली गुळगुळीत निळी कड दिसत होती. ऑइलपेंट कधी असा काचेसारखा चमकत नाही. पंक्चरवाल्याला नवी पाटी करून दिली आणि ही उतरवून घेतली.

सगळ्यात आधी मागच्या कोपऱ्यात नाण्याने ओरखडा काढून पाहिला. उठला नाही, म्हणजे खाली काच आहे. मग कोमट पाण्यात भांड्याचा साबण घालून जुनं धोतर भिजवलं आणि पाटीवर अर्धा तास पसरून ठेवलं. उकळतं पाणी किंवा हीटगन चालत नाही. एकाच जागी उष्णता लागली की काच आणि लोखंड वेगवेगळं फुगतं आणि काच तडकते. सगळ्यात वरचा थर एवढ्यानेच सुटला. खालचे दोन हटेनात, त्यांना पेंट रिमूव्हरची जेल लावून वर प्लास्टिक टाकून वीस मिनिटं ठेवलं, उघड्या हवेत, हातमोजे घालून. काच या जेलला दाद देत नाही, म्हणून इथे ती बिनधास्त वापरता येते. नंतर रेझरचं नवं पातं, जेमतेम तीस अंशांत तिरकं धरून आणि सतत ओलं ठेवून. पातं नेहमी शाबूत काचेवरून टवक्याकडे ओढायचं. उलटं ओढलं की टवक्याची कड पात्यात अडकते आणि नखाएवढी काच आणखी उडते. सँडपेपर बिलकूल लावायचा नाही. काचेवर कायमचे चरे पडतात आणि जुन्या ऑइलपेंटमधलं शिसं धूळ होऊन छातीत जातं.

पांढऱ्याखाली एक फिकट हिरवा थर निघाला, त्याच्याखाली निळी लंबगोल कड आणि आत लाल अक्षरं: एस्सो. स्टॅनव्हॅक ही तेल कंपनी १९६२ साली फुटली आणि तिचे पंप एस्सोच्या नावावर आले. १९७४ मध्ये सरकारने एस्सो घेऊन हिंदुस्थान पेट्रोलियम उभी केली. म्हणजे ही पाटी जेमतेम बारा वर्षांच्या काळातली. एवढ्या वर्षांनंतरही लाल रंग लालच होता, कारण रंग काचेच्या आत असतो आणि उन्हाला तिथे काही करता येत नाही. आजच्या पंपावरच्या व्हिनाइलचा लाल पाच-सात वर्षांत गुलाबी पडतो.

इथवर सगळं नीट झालं. पाटी महामार्गावरच्या एका हॉटेलात लावायची होती. मालकांनी आणलेल्या सजावटकाराचं म्हणणं पडलं की टवके दिसतात, बरं दिसत नाही, लाल-निळ्या रंगाने भरा आणि वर पीयूचा (पॉलियुरेथेनचा) पारदर्शक क्लिअर कोट मारा. दोनदा नको सांगितलं. त्यांनी दुसऱ्याकडून मारून घेतला. पुढच्या पावसाळ्यानंतर क्लिअर कोट कडेने पिवळा पडून कागदासारखा सुटायला लागला. कारण साधं आहे. काचेवर रंगाला धरायला काही नसतं. कडेने पाणी आत शिरतं आणि वरच्या थरामुळे वाळत नाही. खाली लोखंड गंजतं, गंज फुगतो आणि टवक्याच्या शेजारची शाबूत काच उचलून टाकतो. आधी रुपयाएवढे टवके होते, तिथे तळहाताएवढे झाले. ‘चकचकीत दिसलं म्हणजे जपलं’ हे तेव्हा ऐकून घेतलं, आज नाही ऐकणार. पाटी जपणं म्हणजे गंज थांबवणं आणि बाकी सगळ्याला हात न लावणं. टवके हा त्या पाटीचाच भाग आहे.

तुमच्या पाटीला एवढंच करा. साबणपाण्याने धुऊन सावलीत पूर्ण वाळवा. टवक्यातला सुटा गंज बांबूच्या काडीने आणि नायलॉनच्या ब्रशने काढा, तारेच्या ब्रशने नाही. केमिकलच्या दुकानातून टॅनिक ॲसिड घ्या, १० ग्रॅम १०० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा आणि बारीक ब्रशने फक्त टवक्यात लावा. हिरड्याने लोखंड काळं पडतं तीच क्रिया. एक दिवस सोडून असे दोन-तीन हात दिले की गंज निळसर काळा होतो आणि त्या खालच्या थराच्या रंगात मिसळून जातो. संडास धुण्याचं ॲसिड चुकूनही घेऊ नका. लाल आणि पिवळ्या इनॅमलची चमक ॲसिडने सगळ्यात आधी जाते आणि परत येत नाही. शेवटी गाडीच्या पॉलिशचं कार्नोबा वॅक्स, पातळ दोन हात, मागच्या बाजूलाही. वर्षातून एकदा पुन्हा.

टांगताना जुनीच भोकं वापरा. पितळी किंवा स्टेनलेसचे स्क्रू, पत्र्याच्या दोन्ही बाजूंना रबरी वॉशर. आवळायचं एवढंच की वॉशर बोटाने फिरला पाहिजे. भिंत सरळ नसते, स्क्रू गच्च आवळला की पत्रा वाकतो आणि भोकाभोवतीची काच चांदणीसारखी फुटते. जुन्या पाट्यांची भोकं सगळ्यात जास्त गंजलेली असतात ती याचमुळे.

पाट्या गेल्या कुठे? बहुतेक भंगारात, लोखंडाच्या भावाने. एस्सो १९७४ ला गेली, बर्मा-शेल १९७६ ला, कॅल्टेक्स त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारकडे येऊन १९७८ मध्ये हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये मिसळली. चार-पाच वर्षांत तीन कंपन्यांचे पंप नव्या नावाने उभे राहिले. टाक्या त्याच, खांब तेच, पाटी तेवढी खाली. तरीही काही उरल्या, कारण इनॅमलचा पत्रा वरून गंजत नाही आणि झाकणाला असा पत्रा विकत मिळत नाही. पाण्याच्या टाकीवर, खुराड्यावर, गटारीवर, तुमच्याकडे पिंपावर. पिंपाने ती वाचवली. पुढे २००७ मध्ये आयबीपी इंडियन ऑइलमध्ये विलीन झाली, एस्सारच्या पंपांवर नायरा आलं, रिलायन्सच्या पंपांवर जिओ-बीपी. १६ जून २०१७ पासून भाव रोज बदलायला लागले आणि आकड्यांच्या हाताने बदलायच्या पट्ट्या जाऊन डिजिटल फलक आले. या फेऱ्यांत उतरलेलं साहित्य म्हणजे ॲक्रिलिक, फ्लेक्स आणि एसीपी (ॲल्युमिनियमचे हलके पॅनेल). ते जपण्यासारखं बनवलेलंच नव्हतं, त्याच्यासाठी हळहळ वाटत नाही.

पाटीबरोबर पेट्रोल बदलतं असं समजू नका. नाशिकचा माल मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोंमधून टँकरने येतो आणि साध्या पेट्रोलसाठी सरकारी कंपन्या एकमेकींच्या डेपोतूनही उचल करतात. वेगळेपण असतं ते महागड्या ब्रँडमध्ये, जास्त ऑक्टेन आणि ॲडिटिव्ह म्हणून. सव्वाशे सीसीच्या रोजच्या गाडीला त्यासाठी जास्तीचे पैसे घालायचं काही कारण नाही.

किमतीचं मला विचारू नका. फोटो पाहून आकडा सांगणाऱ्याला तर अजिबात विकू नका. वरून पुन्हा रंगवलेल्या पाटीला जाणकार हात लावत नाही, एवढं मात्र नक्की.

एक गोष्ट वर सांगायला हवी होती. रेझर आणि रिमूव्हर फक्त इनॅमलसाठी. त्या काळात पुष्कळ पाट्या पेंटरने हाताने रंगवलेल्या असायच्या आणि त्याही तितक्याच जपण्यासारख्या आहेत, पण त्यांच्यावर रिमूव्हर टाकलात तर अक्षरंच वाहून जातील. मागच्या कोपऱ्यावर नाणं फिरवून पाहा. भुकटी निघाली तर वरचं धुणं-वॅक्स विसरा, कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका आणि पाटी घराच्या आत, पावसाची भिंत सोडून लावा.