बालशिक्षणात एम.ए. करायचंय, पण नोकरी सोडून करावं का?

प्रश्न: मी ३४ वर्षांची, धायरीत राहते. एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत ज्युनिअर केजीला शिकवते, येत्या फेब्रुवारीत पाच वर्षं होतील. पगार २६,००० (बेसिक १८,०००). मिस्टर चाकणला नोकरीला आहेत, हातात ६२,००० येतात. घराचा हप्ता २४,५००, अजून १४ वर्षं आहे. मुलगी माझ्याच शाळेत पहिलीत. स्टाफची मुलगी म्हणून फी निम्मी, वर्षाला ३६,०००. हप्ता, घरखर्च, फी, सासूबाईंची औषधं, विम्याचे हप्ते आणि ५,००० ची एसआयपी धरून महिन्याला ७०,००० जातात. एफडी ३ लाख ८० हजारांची, म्युच्युअल फंडात २ लाख ६० हजार. गेल्या वर्षी वर्गात ऑटिझम असलेला एक मुलगा आला. घंटा झाली की कान दाबून टेबलाखाली जायचा. मी त्याला रोज घंटेच्या दहा मिनिटं आधी वर्गात घ्यायला लागले. दिवाळीनंतर तो सगळ्यांबरोबर गोलात बसायला लागला. तेव्हापासून हे नीट शिकायचं डोक्यात आहे. एका खासगी विद्यापीठात बालशिक्षण आणि समावेशक शिक्षणाचं दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.ए. आहे, एकूण फी ३ लाख ६० हजार. सीट राहावी म्हणून २५,००० भरलेत, बाकीची पहिली फी या जुलैअखेर भरायची आहे. एफडी मोडून नोकरी सोडू, की कर्ज काढू? मिस्टर म्हणतात, होम लोनवर टॉप-अप, म्हणजे वाढीव कर्ज, घेऊ. आमच्या संचालिका म्हणाल्यात, डिग्री झाली की कोऑर्डिनेटर करू. कोऑर्डिनेटरला ४०,००० आहेत. सासूबाई विचारतात, पोरं सांभाळायला एम.ए. कशाला?

उत्तर:

ताई, तुम्ही शिकायलाच हवं. पण या जुलैत राजीनामा देऊ नका.

आधी सासूबाईंच्या प्रश्नाचं. त्या मुलाला घंटेआधी वर्गात घ्यायचं तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला आवाजाचा त्रास होतोय हे तुम्ही हेरलं आणि त्याचा दिवस त्याप्रमाणे बदललात. हे पोरं सांभाळणं नाही, शिक्षकाचं अवघड काम आहे आणि ते शिकून करण्याजोगं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षं हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला, त्याचा राष्ट्रीय आराखडाही ऑक्टोबर २०२२ मध्ये आला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला ज्या कामात आयुष्य घातलं, ते हेच काम.

मान आणि पगार मात्र बरोबर चालत नाहीत, आणि त्याचं कारण कायद्यात आहे. शिक्षणहक्क कायदा सहाव्या वर्षापासून लागू होतो. त्याआधीच्या शिक्षणाची सोय सरकार करू शकतं, एवढंच त्यात म्हटलंय. त्यामुळे खासगी पूर्वप्राथमिक वर्गांत पगार संस्था ठरवेल तो. तुमची पदवी वाढली म्हणून पगार वाढवायची सक्ती कुणावर नाही. म्हणून ही डिग्री कोणत्या खुर्चीपर्यंत नेते हे आधी ठरवावं लागतं, फीचा विचार त्यानंतर.

आता हिशेब. पत्रात तुम्ही खर्च ३ लाख ६० हजार धरलाय. माझ्या कागदावर तो १० लाख ९६ हजार येतो. दोन वर्षांचा बुडालेला पगार ६ लाख २४ हजार, फी ३ लाख ६० हजार, पुस्तकं-प्रकल्प-प्रवास यांचे अंदाजे ४० हजार आणि मुलीच्या फीतली सवलत. ती सवलत तुम्ही एका ओळीत उरकलीत. शाळा सोडली की वर्षाला ३६,००० जास्त, दोन वर्षांचे ७२,०००.

समजा संचालिकांनी शब्द पाळला आणि ४०,००० ची जागा दिली. न शिकता राहिलात तरी तोवर पगार २८,००० च्या आसपास गेला असता. म्हणजे खरा फरक महिना १२,०००, वर्षाला १ लाख ४४ हजार. या वेगाने ११ लाख वसूल व्हायला साडेसात वर्षांहून थोडी जास्त लागतात, तुम्ही ४४ च्या घरात असाल. त्यापुढे बरीच नोकरी उरते, त्यामुळे हा सौदा वाईट म्हणता येणार नाही. पण सगळा डोलारा संचालिकांच्या तोंडी शब्दावर उभा आहे. दोन वर्षांनी त्या बाई तिथे असतील का, आत्ताची कोऑर्डिनेटर खुर्ची सोडेल का, हे तुमच्या हातात नाही. हे आश्वासन ईमेलवर मागा. त्या टाळायला लागल्या तर तेही उत्तरच समजा.

मला जास्त काळजी वाटते ती रोखीची. आज घरात ८८,००० येतात, ७०,००० जातात, १८,००० उरतात. तुम्ही थांबलात की ६२,००० येतील आणि सवलत गेल्यामुळे ७३,००० जातील. दरमहा ११,००० ची तूट, दोन वर्षांत २ लाख ६४ हजार. त्यात फी आणि पुस्तकांचे ४ लाख मिळवले की ६ लाख ६४ हजार लागतात. एफडी आणि फंड मिळून तुमच्याकडे ६ लाख ४० हजार आहेत. सीटसाठी भरलेले २५,००० वजा केले, तरी एफडी मोडून, फंडातला शेवटचा रुपया काढून जेमतेम १,००० उरतात. मधल्या काळात सासूबाईंना दवाखान्यात ठेवावं लागलं किंवा चाकणला कामगार कपात झाली, तर हात पसरायची वेळ येईल. खरं तर सहा महिन्यांच्या खर्चाला ४ लाख २० हजार लागतात. तुमची एफडी तेवढीही भरत नाही, तेव्हा ती शिक्षणासाठी मोकळी आहे असं धरूच नका.

आणि फेब्रुवारी. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना संस्थेने द्यायची रक्कम, मिळायला सलग पाच वर्षं नोकरी लागते. शिक्षकांना हा कायदा लागू असल्याचं २००९ च्या दुरुस्तीने स्पष्ट झालं आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती कायम ठेवली. बेसिक गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं, या सूत्राने १८,००० वर पाच वर्षांचे जवळपास ५२,००० होतात. आज राजीनामा दिलात तर हे पैसे सोडून जाल. काही महिने थांबण्याने एवढे मिळत असतील तर थांबायचंच.

आता डिग्रीकडे येऊ, कारण खरी मेख तिथे आहे. कोर्सच्या नावात ‘समावेशक’ आहे म्हणून तुम्ही विशेष शिक्षक होणार, असं तुमच्या पत्रातून जाणवतं. तसं आपोआप होत नाही. विशेष शिक्षक म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. १९९२ च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय हे काम करणं गुन्हा आहे. आणि ती नोंदणी आरसीआयने मान्य केलेल्या अभ्यासक्रमांनाच मिळते, उदाहरणार्थ विशेष शिक्षणातलं डी.एड. किंवा पदवीनंतरचं दोन वर्षांचं बी.एड. विद्यापीठ कितीही नावाजलेलं असो, एम.ए. ला ही मान्यता नसेल तर त्या दारातून आत जाता येणार नाही.

आणि आज मागणी त्याच दारापाशी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत, त्यात ऑटिझम आणि अध्ययन अक्षमताही येतात. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवायला सांगितलं, आणि २०२२ मध्ये केंद्र सरकारने प्राथमिकला अशा १० मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण ठरवलं. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने राज्यांना ही पदं जाहीर करून भरायला सांगितलं. सीबीएसईच्या संलग्नता नियमांतही शाळांना विशेष शिक्षक नेमावा लागतो. सरकारी भरती कधी आणि किती, यावर मी तुमचं बजेट बांधणार नाही. पण कोऑर्डिनेटरची खुर्ची एका शाळेत एकच असते, आणि आरसीआय नोंदणी असलेली व्यक्ती कुठल्याही शाळेत अर्ज करू शकते. एका संचालिकांच्या शब्दापेक्षा हा आधार मला पक्का वाटतो.

तेव्हा स्वतःला विचारा: तुम्हाला त्या मुलासारख्या मुलांबरोबर थेट काम करायचंय, की अभ्यासक्रम बांधणं, शिक्षकांना तयार करणं आवडेल? पहिलं असेल तर बी.एड. विशेष शिक्षण घ्या. दुसरं असेल तर एम.ए. बरोबर आहे, पण त्यासाठी नोकरी सोडायची गरज नाही. इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठातून शिक्षणशास्त्रातलं एम.ए. नोकरी सांभाळून होतं. मान्यताप्राप्त दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची असल्याचं यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. त्या संस्थेला त्या कोर्ससाठी त्या वर्षी यूजीसीची परवानगी आहे का, एवढं मात्र यूजीसीच्या साइटवर पाहून घ्या. तुमच्या १८,००० च्या शिलकीतून ती फी निघेल, मुलीची सवलत टिकेल आणि नवं शिकलेलं दुसऱ्या दिवशी तुमच्याच वर्गात वापरता येईल. पत्र वाचून मला वाटतं, तुमचा जीव पहिल्या कामात आहे. ते तुमचं तुम्ही ठरवा.

पहिला रस्ता धरलात तर पुढच्या जूनपर्यंत थांबा. सणवार वजा जाता महिन्याला १५,००० बाजूला पडले तर वर्षात १ लाख ८० हजार होतात, ग्रॅच्युइटीचे ५२,००० धरून २ लाख ३२ हजार. फीसाठी शैक्षणिक कर्ज घ्या. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, स्वतःचा वाटाही घालावा लागत नाही, आणि मुद्दलाची फेड कोर्स संपून एक वर्ष झाल्यावर सुरू होते. बऱ्याच बँका महिलांना व्याजात थोडी सवलत देतात, ती मागून घ्या. फी आत्ताच्या कोर्सइतकीच धरू, दर १०.५ टक्के. शिकताना नुसतं व्याज भरत गेलात तर पहिल्या वर्षी महिना १,५७५, दुसऱ्या वर्षी ३,१५०. पुढे पाच वर्षांत फेडायचं तर हप्ता ७,७४० च्या आसपास. व्याज भरलं नाही आणि फेड सुरू होण्याआधीचा पूर्ण काळ वापरला, तर कर्ज साडेचार लाखांवर जाऊन हप्ता ९,७७० होईल. म्हणून व्याज भरतच राहा.

त्या दोन वर्षांत एसआयपी थांबवा, जमलेल्या फंडाला हात लावू नका. मग मासिक तूट ६,००० वर येते, दोन वर्षांची १ लाख ४४ हजार. त्यात व्याजाचे ५६,७०० आणि पुस्तकांचे ४० हजार मिळवा, २ लाख ४१ हजार होतात. साठलेले २ लाख ३२ हजार. उरलेलं अंतर सीटचे पैसे परत आले की भरून निघतं. या जुलैत जे पेलत नव्हतं, ते पुढच्या जुलैत एफडी आणि फंड दोन्ही शाबूत ठेवून पेलतं.

टॉप-अपबद्दल मिस्टरांना माझं सांगा: दर कमी दिसतो, पण त्याचा हप्ता लगेच सुरू होतो, म्हणजे तुमचा पगार थांबला असतानाच. शिवाय दोन वर्षांच्या शिक्षणाचं कर्ज घराच्या १४ वर्षांच्या कर्जाला चिकटून लांबत जातं. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर करात वजावट मिळते (सगळे तिला ८०ई म्हणून ओळखतात), पण ती फक्त जुन्या करप्रणालीत. मिस्टरांच्या पगारावर नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत कर लागतच नाही, तेव्हा कर वाचवायचं कारण या निर्णयात आणू नका.

घर दोन वर्षं एका पगारावर चालणार असेल तर मिस्टरांचा स्वतःचा टर्म इन्शुरन्स आधी हवा. कंपनीचा विमा नोकरी असेपर्यंतच असतो. नसेल तर याच महिन्यात काढा, त्याचा हप्ता शिलकीतून जाईल.

पुढच्या वर्षी अर्ज करण्याआधी कर्वेनगर-कोथरूड भागातल्या दोन-तीन शाळांत जाऊन विचारा की त्यांच्याकडे विशेष शिक्षक आहे का, पगार किती देतात, नोंदणी मागतात का. प्रवेश घ्याल त्या संस्थेचं नाव आरसीआयच्या यादीत स्वतः पाहा, माहितीपत्रकावर जाऊ नका.

सर्वांत घाई २५,००० ची आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे, प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या किमान १५ दिवस आधी प्रवेश रद्द केला तर थोडं प्रक्रिया शुल्क कापून सगळी फी परत द्यावी लागते. नंतर ती ९०, ८०, ५० टक्के अशी उतरत जाते आणि तारीख उलटून ३० दिवस झाले की काहीच मिळत नाही. यूजीसी काही वर्षी यासाठी वेगळ्या तारखाही जाहीर करते. तुमच्या कोर्सची अंतिम तारीख आज पाहा आणि प्रवेश रद्द करायचा अर्ज फोनवर न करता लेखी पाठवा, पोच घ्या.