घरी केलेलं ग्रीक सुव्लाकी चिकन (लिंबू-ओरेगॅनो लावून भाजलेले तुकडे) कोरडं आणि पिठूळ का होतं?

बहुतेक वेळा रात्रभर लिंबात ठेवल्यामुळे. आंबटाने मांसाचा वरचा थर पिठूळ होतो. अर्धा किलो बोनलेस मांडीच्या तुकड्यांना 3 टेबलस्पून ऑलिव्ह तेल, एका लिंबाचा रस, 3 ठेचलेल्या लसूणपाकळ्या, 2 टीस्पून सुका ओरेगॅनो (तळहातावर चुरडून), 1 टीस्पून मीठ आणि मिरपूड चोळा. बस. गरम मसाला घातलात तर सरळ टिक्काच करा की! पिझ्झाबरोबरच्या पुडीतला ओरेगॅनो नको, त्यात बहुधा मीठ-मिरची असते. फ्रिजमध्ये 2 तास पुरे. भाजण्याआधी तुकडे टिपून घ्या आणि बिडाच्या तापलेल्या तव्यावर सुटे मांडा. गर्दी केली की पाणी सुटतं आणि चिकन भाजण्याऐवजी उकडतं. 10-12 मिनिटं, उलटसुलट करत. ब्रेस्ट असेल तर 8 मिनिटांनंतर एक तुकडा कापून बघा.